भाड्यासाठी घर घेताना : सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

जुलै महिना इन्कम टॅक्स रिटर्न भरण्याचा, आणि मी ते भरून देणारा. माणूस फाइल घेऊन येतो, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) टेबलावर ठेवतो, चहा होतो, आणि उठता उठता विचारतो, "एक फ्लॅट घ्यावा म्हणतोय, भाड्याने द्यायला. कसं राहील?" या प्रश्नाला तासभर लागतो. बाहेर चार माणसं थांबलेली असतात. म्हणून ही प्रश्नोत्तरं एकदाची लिहून काढली.

घरांच्या किमती, भाडी आणि खर्च हे हिशेब दाखवण्यापुरते घेतलेत, तुमच्या भागातले भाव तुम्ही घाला. कायद्याचे आणि कराचे आकडे मात्र खरेखुरे आहेत.

सोलापुरात फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर वर्षाला किती टक्के सुटतात?

बहुतेक जण भाड्याला बाराने गुणतात, किमतीने भागतात आणि मोकळे होतात. जुळे सोलापुरात ३५ लाखांचा टू बीएचके, भाडं ९ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार, म्हणजे ३ टक्के. हा आकडा मुळातच फार नाही, आणि तोही हातात पडत नाही.

आधी भागायचं कशाने ते ठरवू. ३५ लाख ही बिल्डरला द्यायची किंमत. तिच्यावर महापालिका हद्दीत ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे २ लाख १० हजार. (रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव करारातल्या किमतीपेक्षा जास्त निघाला तर शुल्क त्याच्यावर.) नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. वकील, मालकीचा शोध अहवाल, झेरॉक्स, इकडे-तिकडे मिळून २० हजार धरा. भाडेकरू यावा म्हणून पंखे, ट्यूब, गिझर, जाळीचा दरवाजा, बाल्कनीला ग्रिल यात एक लाख कधी गेला कळत नाही. बेरीज झाली ३८ लाख ६० हजार. बांधकाम चालू असतानाच घेतलात तर जीएसटी वेगळा. ४५ लाखांच्या आत आणि ९० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही.

आता भाड्यातून काय जातं ते बघा. वर्षातून एक महिना घर रिकामं : ९ हजार. मिळकत कर (घरपट्टी) : ७ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना हजार : १२ हजार. नळ, मोटार, रंग, गळती : १० हजार. एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी, दोन वर्षांनी एकदा धरली तर वर्षाला साडेचार हजार. करारनाम्याचे दोन हजार. एकूण ४४,५००.

१ लाख ८ हजारांतून हे वजा केले की उरले ६३,५००. भागा ३८ लाख ६० हजारांनी. १.६५ टक्के.

हाच आकडा मी समोरच्याच्या डायरीत त्याच्याच हाताने लिहायला लावतो. मी सांगितला तर पटत नाही. स्वतः लिहिला की माणूस दोन मिनिटं गप्प बसतो, आणि मग पुढचा प्रश्न येतोच.

पण जागेची किंमत वाढतेच ना? भाडं वरकड समजायचं.

वाढते. प्रश्न आहे किती वाढायला हवी. तेच ३८ लाख ६० हजार बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर २ लाख ५० हजार ९०० व्याज. फ्लॅटमधून आले ६३,५००. फरक १ लाख ८७ हजार ४००. नुसती ठेवीची बरोबरी करायला ३५ लाखांचा फ्लॅट दरवर्षी सव्वापाच टक्क्यांहून थोडा जास्त वाढला पाहिजे. स्टॅम्प ड्युटी आणि ग्रिलवर गेलेले पैसे वाढत नाहीत, ते गेले. ठेवीच्या पूर्ण व्याजावर कर लागतो आणि भाड्याला सूट मिळते, त्यामुळे फरक थोडा कमी होतो. पण थोडाच.

शिवाय वाढते ती जमीन, बांधकाम झिजत जातं. चाळीस फ्लॅटच्या अपार्टमेंटमध्ये तुमच्या वाट्याला जमीन येते ती एका खोलीएवढी. पंधरा वर्षांनी त्याच रस्त्यावर नवीन इमारत उभी राहते, लिफ्ट चकाचक, पार्किंग ऐसपैस, आणि तुमचा फ्लॅट 'जुना' होतो. आपल्याकडे रो हाऊस आणि स्वतंत्र घराला अजून मान आहे, तो उगीच नाही.

बातमीवर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये गोव्याची विमानं सुरू झाली, तेव्हा त्या बाजूचे प्लॉट एका रात्रीत 'एअरपोर्ट टच' झाले. बातमी आली की भाव लगेच वाढतो, भाडं मात्र वाढत नाही. भाडं पगारातून दिलं जातं, आणि सोलापुरातला पगार टॉवेलच्या आणि युनिफॉर्मच्या कारखान्यातून, दवाखान्यातून, बँकेतून, रेल्वेतून येतो. तो विमानाने येत नाही. त्यात आपली पोरं डिग्री हातात पडली की पुण्याची गाडी धरतात. भाडेकरू म्हणून जो तरुण नोकरदार हवा, तो हिंजवडीत दुसऱ्या कुणाला तरी भाडं देत असतो.

मग घ्यायचाच नाही का?

तसं मी म्हणत नाही. माझाही एक आहे. पाच-सात वर्षांनी स्वतः राहायला जायचंय, मुलीला द्यायचाय, किंवा हातात पैसा टिकतच नाही म्हणून कुठेतरी अडकवून ठेवायचाय, ही सगळी खरी कारणं आहेत. 'भाड्यावर घर चालेल' हे कारण धरून मात्र फ्लॅट घेऊ नका.

कर्ज काढून घेतला आणि हप्ता भाड्यातून फेडला तर?

२५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता २१,६९६ रुपये. वरच्या हिशेबात खर्च जाऊन महिन्याला उरतात ५,३०० च्या आतबाहेर. म्हणजे दर महिन्याला १६ हजार ४०० तुमच्या पगारातून. पहिल्या वर्षी २ लाख ६० हजार भरता, त्यातले २ लाख १० हजार व्याज आणि मुद्दल फिटतं जेमतेम ५० हजार. वीस वर्षांत २५ लाखांचे ५२ लाख होतात.

भाडेकरू हप्ता भरत नसतो, हप्ता तुम्हीच भरता आणि तो चौथा हिस्सा हातभार लावतो. एवढं डोळ्यांसमोर ठेवून परवडत असेल तर काढा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर व्यक्तीला दंड लागत नाही. बोनस, एलआयसीची रक्कम, जे येईल ते मुद्दलात टाकत गेलं की बराच फरक पडतो.

फ्लॅटपेक्षा भाड्याच्या खोल्या बऱ्या का?

आकड्यात बऱ्या. डोक्याला मात्र नाहीत.

माझ्या वडिलांनी अक्कलकोट रोडच्या बाजूला सहा खोल्या बांधल्या. आजच्या हिशेबाने जागा-बांधकाम मिळून ३० लाख धरू. खोलीला ३ हजार भाडं, सहांचे १८ हजार, वर्षाला २ लाख १६ हजार. रिकाम्या खोल्या आणि बुडवलेलं भाडं यासाठी दहा टक्के सोडा, २१,६००. कर १२ हजार. बोअरची मोटार आणि तिचं लाइट बिल १८ हजार. दुरुस्ती २५ हजार. हातात उरले १ लाख ३९ हजार ४००, म्हणजे साडेचार टक्क्यांहून जास्त. फ्लॅटच्या जवळजवळ तिप्पट.

पण यात माझी मजुरी धरलेली नाही. सहा खोल्या म्हणजे सहा चुली, दोन संडास आणि एक नळ. भाडं मागायला रविवारी सकाळी आठला जावं लागतं, नऊनंतर कुणी सापडत नाही. तेलुगू बोलणाऱ्या आजी, कन्नड बोलणारी जोडी, मराठवाड्यातून आलेला गवंडी असं सगळं एका अंगणात नांदतं, आणि भांडण लागलं की तिन्ही भाषांत लागतं. निवाडा करायला मालक.

एका खोलीत नवरा-बायको राहायला आले होते. माणसं गरीब, भाडं वेळेवर. तीन महिन्यांनी सहज गेलो तर दारातूनच धग लागली. आत तीन शेगड्या, चार बायका भाकऱ्या थापतायत, आणि भिंतीला कडक भाकऱ्यांच्या चळती लावलेल्या, छातीएवढ्या. पुण्याला पार्सल जायचं होतं म्हणे. छत काळंकुट्ट. मी तोंड उघडायच्या आत त्या बाईने दहा भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी हातात दिली, "काका, घरी न्या." काय बोलणार? खोली सोडली तेव्हा छत घासून रंगवायला ८ हजार गेले. तीन महिन्यांचं भाडं ९ हजार. चूक माझीच. करारात 'फक्त राहण्यासाठी' हे दोन शब्द नव्हते, कारण करारच नव्हता.

पाण्याचा खर्च खरंच धरायचा का? नळ तर आहे.

हा प्रश्न विचारणारा बहुधा बाहेरगावचा असतो.

उजनी धरणाचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं, आणि शहरात ते रोज सुटत नाही. तीन-चार दिवसांआड, कधी पाच. कधी पाइप फुटतो, कधी वीज जाते, की चक्र पुन्हा एक दिवस पुढे. म्हणून सोलापुरात घराची खरी किंमत हौदात मोजायची. माणशी रोज शंभर लिटर धरले तरी चौघांच्या घराला चार दिवसांना सोळाशे लिटर लागतात. स्वतंत्र घराला जमिनीखाली निदान दोन-अडीच हजार लिटरचा हौद आणि वर हजार लिटरची टाकी नसेल तर चौथ्या दिवशी भाडेकरूचा फोन ठरलेला.

अपार्टमेंटमध्ये विचारायचे प्रश्न तीन. हौद किती लिटरचा? बोअर मार्च-एप्रिलमध्ये टिकते का? गेल्या उन्हाळ्यात टँकर किती आले आणि पैसे कुणी दिले? तिसऱ्या प्रश्नावर सेक्रेटरी घुटमळला तर मेंटेनन्सचा आकडा दीडपट धरा. टँकरच्या पैशावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात जेवढं वाजतं तेवढं भाड्यावरूनही वाजत नाही. करारात एक ओळ टाका : टँकरची वर्गणी कुणाची. मी भाडेकरूवर टाकत नाही, भाडंच दोनशेने जास्त घेतो. माणूस टिकतो.

पाणी येण्याच्या वेळी मोटार चालू करायला घरात कुणी नसेल तर तेही अडतं. दोघं नोकरीला जाणारं जोडपं ठेवलं होतं. पाणी सुटायचं दुपारी दोनला, हौद कोरडाच. फ्लोटचा ऑटोमॅटिक स्विच बसवल्यावर सुटले.

टॉप फ्लोर स्वस्त मिळतोय, घेऊ का?

मे महिन्यात आपला पारा ४३-४४ ला जातो. वरचा स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम असतो. भाडेकरू हिवाळ्यात येतो आणि मे मध्ये सोडतो. वॉटरप्रूफिंग आणि पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचा खर्च धरून, वर भाडं पाच-सातशेने कमी धरून परवडला तर घ्या.

भाडं थोडं जास्त सांगून वाट बघावी का?

९ हजाराने लगेच दिला तर बारा महिन्यांचे १ लाख ८ हजार. १० हजारांसाठी अडून बसलात आणि दोन महिने कुलूप राहिलं तर दहा महिन्यांचे १ लाख. आठ हजार कमी, वर रिकाम्या घराचा मेंटेनन्स तुमच्या खिशातून.

सोलापुरात घर बदलण्याचा हंगाम असतो. शाळांना सुट्ट्या लागल्या की मे-जूनमध्ये कुटुंबं हलतात, कॉलेजचे प्रवेश झाले की विद्यार्थी येतात. गणपतीनंतर रिकामं झालेलं मोठं घर कधी कधी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसंच राहतं. म्हणून करार असा करा की तो एप्रिल-मेमध्ये संपेल. मध्येच ऑक्टोबरात दिलात तर पहिला करार सात-आठ महिन्यांचा करा. अकराच महिने पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही.

केगावला विद्यार्थ्यांसाठी खोल्या काढल्या तर?

विद्यापीठ आणि इंजिनीअरिंग कॉलेज तिकडे असल्याने मागणी आहे. कॉट, कपाट, वायफाय द्या, माणशी भाडं घ्या. एकत्र हिशेब कुटुंबापेक्षा जास्त होतो. मात्र वर्षाचे दहाच महिने धरा, आणि गाद्या दर तीन वर्षांनी बदलायच्या हेही धरा.

अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला तर चालतो ना?

नाही. हा समज इतका पक्का आहे की वकिलांच्या घरीसुद्धा ऐकलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (लागू ३१ मार्च २००० पासून) सांगतो की लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर नुसतं वापरायला देण्याचा) करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलाच पाहिजे, मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्याकडे.

खर्च पाहा. ९ हजार भाडं, अकरा महिने, ९९ हजार. ३० हजार डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज २,७५०. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार, ग्रामीण भागात पाचशे. घरबसल्या अंगठा घेऊन ऑनलाइन होतं. त्याची पाच-सातशे फी घेणारी माणसं शहरात भरपूर आहेत. एवढ्यासाठी लोक पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतात आणि पैसे वाचवले म्हणतात!

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणं हेही त्याच दिवशी उरकून टाका.

भाडेकरू घर बळकावेल ही भीती किती खरी?

नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स असेल तर फार नाही. मुदत संपूनही सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि सोडेपर्यंत दुप्पट रकमेची भरपाई मागता येते. वेळ लागतो, पण रस्ता सरळ आहे.

भीती बाळगायची ती दुसऱ्याच सौद्याची. मंगळवार पेठ, बाळीवेस, साखर पेठ या भागांत जुने वाडे विकायला येतात, आत जुन्या भाडेकरूंसह. किंमत ऐकून माणूस हुरळतो, एवढ्यात तर नुसती जागा मिळत नाही! पण ते भाडेकरू संरक्षित आहेत. त्यांचं भाडं वर्षाला ४ टक्केच वाढवता येतं, आणि मूळ भाडं दोनशे असेल तर चार टक्के म्हणजे आठ रुपये. भाडेकरू गेला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क पुढे चालतो. घर रिकामं करून घ्यायचं तर कायद्यात दिलेलं कारण लागतं, आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. माझ्याकडे एक गृहस्थ येतात, त्यांनी नोकरीत असताना असा वाडा घेतला. आता निवृत्त झालेत. दर रिटर्नला त्या वाड्याच्या भाड्याची ओळ असते, आणि रक्कम त्यांच्या मोबाइलच्या रिचार्जपेक्षा कमी.

नवी पेठेत किंवा चौकात गाळा घेतला तर?

गाळ्याचं भाडं टक्क्यांत घरापेक्षा सहसा जास्त पडतं आणि भाडेकरू स्वतःच्या पैशाने फर्निचर करतो, त्यामुळे लवकर हलत नाही. हलला तर मात्र गाळा सहा-आठ महिने बंद राहू शकतो. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर सर्वसाधारणपणे जीएसटी नाही, धंद्याच्या जागेवर १८ टक्के आहे. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असली आणि नोंदणी नसली, तरी भाडेकरू नोंदणीकृत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो कर बहुधा त्याला स्वतः भरावा लागतो, आणि तो भाडं ठरवताना ते बोलून दाखवतोच. पगडीचा (भाड्याच्या जागेच्या हक्कासाठी वर ठोक रक्कम देण्याचा) व्यवहार माझ्याकडे घेऊन येऊ नका.

इन्कम टॅक्स किती बसेल?

वर्षाचं भाडं १ लाख ८ हजार. त्यातून तुम्ही त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मिळकत कर ७ हजार वजा. थकवला असेल तर वजा नाही. राहिले १ लाख १ हजार. त्याच्या ३० टक्के, म्हणजे ३०,३०० सरसकट सूट. दुरुस्ती केली असो वा नसो, पावती कुणी मागत नाही. पण मेंटेनन्स, दलाली, रंग, टँकर हे सगळं त्या तीसमध्येच आलं, वेगळं काही मिळत नाही. करपात्र ७०,७००.

कर्ज असेल तर त्यातून व्याज वजा होतं. वरच्या कर्जाचं पहिल्या वर्षीचं व्याज २ लाख १० हजार धरलं तर सुमारे १ लाख ४० हजारांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत २ लाखांपर्यंतचा असा तोटा पगारातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत भाड्याएवढं व्याज वजा होतं, वरचा तोटा पगाराला लावता येत नाही. बिल्डरच्या माणसाने 'टॅक्स बेनिफिट' म्हटलं की त्याला विचारा, कुठल्या प्रणालीत?

बायकोच्या नावावर घेतलं तर फायदा ना?

स्त्रीच्या नावावर निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३५ लाखांवर ३५ हजार वाचले. पण पैसे तुम्ही दिलेले असतील आणि वहिनींचं स्वतःचं उत्पन्न नसेल, तर भाडं तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. शुल्क वाचतं, इन्कम टॅक्स वाचत नाही. तरीही घ्या त्यांच्या नावावर, माझी हरकत नाही.

हद्दवाढ भागात प्लॉट-घर स्वस्त आहे, कागद काय बघू?

स्वस्त का आहे ते बघा. बऱ्याचदा उत्तर एकच, गुंठेवारी. शेतजमिनीचे तुकडे करून विकलेले, बिनशेती नाही, लेआउट मंजूर नाही. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती यांमुळे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे असे प्लॉट शुल्क भरून नियमित करता येतात, पण 'करता येतात' आणि 'केलेत' यात फरक आहे. नियमित केल्याचा दाखला हातात मागा. नसेल तर बँक कर्ज देत नाही, म्हणजे उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही मिळणार नाही, आणि रोखीने घेणारा भाव पाडून मागतो.

बाकी नेहमीचं : सात-बारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, तीस वर्षांचा शोध, बांधकाम परवाना, भोगवटा, मिळकत कराची थकबाकी. अपार्टमेंट असेल तर महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणारं सरकारी प्राधिकरण) संकेतस्थळावर नाव घालून बघा. आठपर्यंत फ्लॅट असलेल्या छोट्या इमारतींना ती नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडे अशा पुष्कळ आहेत. तिथे वकिलाची फी वाचवू नका.

डिपॉझिट किती घ्यावं?

मी तीन महिन्यांचं घेतो. लाइट बिल भाडेकरूच्या मोबाइलवर येऊ द्या, पण ग्राहक क्रमांक स्वतःकडे ठेवून महिन्यातून एकदा बघत जा. दोन बिलं थकली की भाडंही थकणार हे समजा. लाइट बिल आधी थांबतं.

आम्ही पुण्यात असतो. सोलापूरचं आई-वडिलांचं घर भाड्याने द्यावं की विकावं?

हे विचारणारे दिवाळीत येतात किंवा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, आणि बहुधा दोघं भाऊ एकत्र येतात.

वडिलांनी १९८८ ला दीड लाखात बांधलं, आता ८ हजार भाडं येतं, म्हणजे केवढा परतावा, असं म्हणतात. वडिलांच्या दीड लाखाशी आता संबंध नाही. आज विकलं तर ६० लाख येणार असतील तर तुमचे ६० लाख त्या घरात आहेत, आणि ते वर्षाला ९६ हजार देतायत, खर्च न धरता. १.६ टक्के. विकलं तर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर, किंवा २३ जुलै २०२४ च्या आधीची मालमत्ता असल्याने महागाईनुसार किंमत वाढवून २० टक्के, यातलं जे कमी पडेल ते. वडिलांची तारीख आणि वडिलांचा खर्च तुम्हाला लागू होतो. २००१ च्या आधीचं घर असल्याने १ एप्रिल २००१ चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो, त्यासाठी मूल्यांकन करून घ्या. दुसरं राहतं घर मुदतीत घेतलं तर करातून सूटही मिळते.

हे सगळं मी सांगतो. मग थोरला म्हणतो, "विकून टाकू." धाकटा म्हणतो, "आईचं देवघर आहे तिथं." मी चहा सांगतो.

ठेवायचं ठरलं तर गावात एक माणूस हवा. पुतण्या, शेजारी, जुना मित्र, कुणीही. किल्ली त्याच्याकडे, महिन्यातून एकदा चक्कर, मोटार जळाली तर मिस्त्री बोलावणं. त्याला भाड्याचा दहावा हिस्सा द्या आणि तो खर्चात धरा. नात्यातला आहे म्हणून फुकट करून घेतलंत तर दुसऱ्या वर्षी तो फोन उचलत नाही.

फ्लॅट बघायला कधी जाऊ?

दोनदा जा. एकदा पाणी येण्याच्या दिवशी, पाणी येण्याच्या वेळी, आणि एकटे. बिल्डरच्या किंवा एजंटच्या गाडीतून नको. खाली हौदाशी उभे राहा, बायका काय बोलतात ते ऐका. दुसऱ्यांदा मे महिन्यात दुपारी तीनला, पश्चिमेकडच्या बेडरूमच्या भिंतीला तळहात लावून बघा. मी माझा फ्लॅट जानेवारीत बघितला होता.